आरोग्य तपासणीचा कागद कोणाच्या हाती?

(रुग्णालयाच्या व्यावसायिक आरोग्य सेवेतर्फे परिसरातील उद्योजक, कामगार प्रतिनिधी आणि कारखान्यांच्या वैद्यकीय कक्षांतील कर्मचारी यांच्यासाठी आयोजित केलेल्या मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. फुप्फुसे, कान आणि रक्तदाब यांविषयी बोलण्याचा अधिकार व्यासपीठावरील डॉक्टरांचा आहे आणि माझ्यानंतर ते विस्ताराने बोलणारच आहेत. तथापि रुग्णालयाच्या हिशेबाच्या वह्या चाळता चाळता कामगारांच्या आरोग्याविषयी जे ध्यानी आले, ते आपल्यापुढे ठेवावे अशी विश्वस्तांची इच्छा होती. तेवढ्यापुरते मी आपला वेळ घेणार आहे.

आपले रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग होते. हा निधी म्हणजे आपल्या संस्थेचा अभिमान होय. या खाटांवर येणाऱ्या रुग्णांमध्ये एक गट मात्र मला नेहमी अस्वस्थ करतो. वय पन्नाशीच्या आसपास, चार पावले चालताच धाप, पूर्वी एक-दोन वेळा क्षयरोगाचे उपचार घेतलेले, काम सुटलेले आणि शिधापत्रिकेच्या आधाराने निर्धन ठरलेले असे हे गृहस्थ असतात. केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही' असे लिहिलेले असते. अधिक चौकशी केली की कळते, हे गृहस्थ वीस वर्षे फाउंड्रीत होते.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हा खर्च आपल्या खात्यावर पडतो, पण तो मूळचा आपला नाही. कोणे एके काळी कारखान्यात धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यावर जी रक्कम खर्ची पडली नाही, ती त्या माणसाच्या फुप्फुसांतून फिरून इतक्या वर्षांनी धर्मादाय निधीत नावे पडली. मधल्या काळात त्या कुटुंबाने काय भरले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

फाउंड्री हा कोल्हापूरचा मानबिंदू आहे. ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत येथील ओतकामाने देशभर नाव मिळवले. हे ओतकाम वाळूच्या साच्यांत होते आणि वाळू म्हणजे प्रामुख्याने सिलिका. साचा फोडताना, म्हणजे नॉक-आउटच्या जागी, फेटलिंगमध्ये ग्राइंडर चालवताना, ब्लास्टिंगमध्ये आणि भट्टीचे अस्तर खरवडून नवे भरताना ही सिलिका हवेत मिसळते. जी धूळ डोळ्यांना दिसते, तिचा बराचसा भाग नाकाघशात अडतो. खरा धोका अवघ्या काही मायक्रॉनच्या कणांपासून असतो. ते दिसत नाहीत आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे हळूहळू व्रण तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या संपर्कानंतर तो प्रकट होतो. झालेली हानी भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. काम सोडल्यावरही आजार पुढे सरकत राहू शकतो आणि क्षयरोगाचा धोका वाढवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिक सिलिकेच्या धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. थोडक्यात, हा आजार बरा होत नाही. टाळता मात्र येतो. म्हणूनच त्याच्या बाबतीत रुग्णालयापेक्षा कारखान्याचा वैद्यकीय कक्ष अधिक मोलाचा ठरतो.

कामाच्या ठिकाणी आरोग्याची व्यवस्था असावी, हा विचार आपल्याला नवा नाही. १७०० साली इटलीतील मोदेना येथे प्राध्यापक असलेल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने निरनिराळ्या व्यवसायांतील आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारला पाहिजे, असा आग्रह धरला. आपल्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन तयार केले, त्यात साप्ताहिक सुट्टीबरोबरच कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. आरोग्याची मागणी पुरी होण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रत्येक १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास स्वतंत्र रुग्णवाहिका कक्ष अनिवार्य केला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली या अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी बंधनकारक केली. फाउंड्रीचा समावेश या प्रक्रियांच्या यादीत होता. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. विहित वयाच्या किंवा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची विनामूल्य वार्षिक तपासणी हे या संहितेनुसार मालकाचे कर्तव्य आहे.

१९८७ च्या दुरुस्तीतील एका तरतुदीकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहावयास मिळाव्यात, असे तीत नमूद होते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जतन करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. आम्हा हिशेबनिसांना जुन्या वह्या ठरावीक वर्षांनंतर निकाली काढण्याची मुभा असते. कामगाराच्या फुप्फुसांची वही मात्र चाळीस वर्षे जपायची आहे. आजार इतक्या उशिरा उघडकीस येतो, हेच त्याचे कारण.

प्रत्यक्षात काय घडते? वार्षिक तपासणीच्या दिवशी आमची गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहते. रक्त, लघवी, छातीचे क्ष-किरण चित्र, श्रवणचाचणी, स्पायरोमेट्री असे सर्व सोपस्कार पार पडतात. पंधरा दिवसांत अहवालांचा गठ्ठा कारखान्याच्या कार्यालयात पोहोचतो. तेथे तो फाइलला लागतो आणि निरीक्षक आले की दाखवला जातो. ज्याच्या फुप्फुसांविषयी तो अहवाल आहे, त्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच पडत नाही. बँकेत खाते आपले, पैसे आपले आणि पासबुक मात्र शेजाऱ्याकडे, असा हा प्रकार आहे.

कामगारही तो कागद मागत नाही. त्याचे कारण भीती. आमच्या शिबिरांत रांगेतील कामगार तंत्रज्ञांना हलक्या आवाजात विचारतात, "साहेब, मेडिकलमध्ये नापास तर होणार नाही ना?" पास आणि नापास हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात, कारण तपासणी म्हणजे परीक्षा आणि नापास म्हणजे घरी, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के झालेले असते. मग खोकला लपवला जातो. फिट येते हे सांगितले जात नाही. कानात आवाज घुमतो ही तक्रार गिळली जाते. एका शिबिरात फेटलिंगचे काम करणाऱ्या मध्यमवयीन कामगाराला डॉक्टरांनी धाप लागते का, असे विचारले. त्याने ठामपणे नाही म्हणून सांगितले. गाडीतून खाली उतरताना तो दांडी धरून थांबला, मागे वळून पाहिले आणि म्हणाला, "ताई, हे लिहू नका. पोरगी बारावीला आहे." परिचारिकेने ते लिहिले नाही, तिने डॉक्टरांना सांगितले आणि डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या दिवशी रुग्णालयात स्वतंत्रपणे बोलावले. तो आला. तो आला, कारण बोलावणे कारखान्याच्या कार्यालयामार्फत गेले नव्हते.

या प्रसंगातून घ्यायचा बोध सरळ आहे. जी तपासणी माणसाला कामावरून वगळण्यासाठी वापरली जाते, तिच्यापुढे माणूस खरे बोलत नाही. आणि खरे न सांगितलेल्या तपासणीवर खर्च केलेला रुपया वाया जातो. यास्तव दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. निदान आणि चाचण्यांचे आकडे हा कामगार आणि डॉक्टर यांच्यामधला विषय आहे. व्यवस्थापनाला कळायला हवे ते एवढेच की ही व्यक्ती या कामास योग्य आहे, काही मर्यादांसह योग्य आहे, की तूर्त योग्य नाही. सिलिकोसिससारखा अधिसूचित आजार आढळल्यास कायद्याप्रमाणे शासकीय यंत्रणेला कळवणे डॉक्टरांना बंधनकारक आहेच. गोपनीयतेचा अर्थ त्यापासून पळवाट असा कोणी करू नये.

अहवाल कामगाराच्या हाती का असावा, याचे दुसरे कारण मला आमच्याच शास्त्रात सापडले. ताळेबंदात चालू वर्षाच्या आकड्यांशेजारी मागील वर्षाचे आकडे छापण्याची पद्धत आहे. एकटा आकडा काहीच सांगत नाही. शेजारचा आकडा पाहिला की संस्था चढते आहे की उतरते आहे, हे कळते. स्पायरोमेट्रीचेही तसेच आहे. वय, उंची आदी बाबींवरून जी अपेक्षित क्षमता ठरते, तिच्या ८० टक्क्यांपुढील आकडा सर्वसाधारणपणे ठीक समजला जातो. समजा, कामावर लागताना एखाद्या तरुणाची क्षमता अपेक्षेच्या ११० टक्के होती आणि दहा वर्षांनी ती ८५ टक्के भरली. त्या वर्षाच्या अहवालावर 'सर्वसाधारण' असाच शेरा पडेल. मात्र त्याने आपल्या मूळ क्षमतेचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग गमावलेला असेल. हे कळण्यासाठी पहिला कागद हाताशी हवा.

आणि तो पहिला कागदच आज हरवतो. फाउंड्रीतील अवघड कामे आता मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगार करतात. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा येथून आलेले तरुण पुष्कळ आहेत. कंत्राटदार बदलला की हजेरीपट बदलतो, कारखाना बदलला की फाइल मागे राहते. तोच मनुष्य दर वेळी नवा म्हणून तपासला जातो आणि दर वेळी त्याची तुलना कोणाशीच होत नाही. आपल्या कारखान्यात प्रत्येक यंत्राला हिस्टरी कार्ड असते. यंत्र विकले तर ते कार्ड यंत्राबरोबर जाते, कारण घेणाऱ्याला बेअरिंग केव्हा बदलले हे कळले पाहिजे. यंत्राला जी सोय आहे, ती यंत्र चालवणाऱ्यालाही असावी, एवढेच माझे मागणे आहे.

आता उद्योजक मित्रांशी थोडे स्पष्ट बोलतो. तपासणी म्हणजे उपाय नव्हे. एका विभागातील अनेक कामगारांची क्षमता घटताना दिसली, तर औषध त्या विभागाला द्यायचे असते. आमच्याकडून आपल्याला नावांशिवाय विभागवार एकत्रित आकडे मिळतील. फेटलिंगचे आकडे मोल्डिंगपेक्षा वाईट असतील, तर प्रश्न फेटलिंगच्या हवेचा आहे. जेथे धूळ निर्माण होते तेथेच ती ओढून घेणारी व्यवस्था, झाकलेली यंत्रे, ओल्या पद्धतीने सफाई, ब्लास्टिंगसाठी वाळूऐवजी पोलादी गोळ्या हा उपायांचा क्रम आहे. मास्क त्यात शेवटी येतो. काही उपायांना तर पैसाही लागत नाही. पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवसभरात खाली बसलेली बारीक धूळ त्या अर्ध्या मिनिटात पुन्हा नाकासमोर उडते. ही एक सवय बंद करण्यास फक्त फोरमनचा आग्रह पुरेसा आहे.

आवाजाचेही असेच. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे रूढ आहे. गोंगाटाने होणारी श्रवणहानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. त्या वेळी नेहमीच्या संभाषणात कामगाराला काहीच जाणवत नाही. श्रवणचाचणीचा आलेख मात्र खाली झुकलेला असतो. म्हणजे घरातल्यांनी 'ऐकू येत नाही का' असे विचारण्यापूर्वी आपल्याला सावध होण्यास पुष्कळ अवधी असतो. तो आलेख फाइलमध्ये पडून राहिला, तर तो अवधीही वाया जातो.

अलीकडे कंपन्यांमध्ये योगवर्ग, आहारविषयक व्याख्याने, तंबाखूमुक्ती, मधुमेह आणि रक्तदाब तपासणी असे उपक्रम उत्साहाने होतात. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. रात्रपाळी करणाऱ्या माणसाचा रक्तदाब वेळेवर कळला, तर एक कुटुंब वाचते. धूळ आणि विडी यांची जोडी फुप्फुसांवर दुहेरी घाला घालते, तेव्हा व्यसनमुक्तीही हवीच. अपेक्षा इतकीच की कामगाराला श्वास कसा घ्यावा हे शिकवताना, तो कोणत्या हवेत घ्यायचा आहे, याचाही विचार व्हावा.

हे सारे इतरांना सांगताना रुग्णालय हेदेखील एक कामाचे ठिकाण आहे, याचा विसर पडू देता कामा नये. येथील परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, धुलाई विभागातील आणि सफाईचे कर्मचारी रोज संसर्गाच्या सान्निध्यात वावरतात. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्याची तपासणी करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने पूर्ण व्हाव्या लागतात. वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांपूर्वी सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. येथेही आड येते ती भीतीच. रात्रपाळीत सुई टोचली तर बोलणी बसतील, या धास्तीने नवशिकी परिचारिका गप्प राहू शकते आणि ते दोन तास निघून जातात. म्हणून सुई टोचल्याची नोंद कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही आणि औषध अपघात विभागात चोवीस तास मिळेल, हे आपल्या येथे प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होतानाच सांगितले जाते. आपल्या कारखान्यांकडून आम्ही ज्या विश्वासाची अपेक्षा करतो, तो प्रथम आपल्या घरात असला पाहिजे.

शेवटी, विश्वस्त मंडळाच्या संमतीने येत्या वर्षापासून आम्ही जे करणार आहोत, ते निवेदन करतो. तपासणी झालेल्या प्रत्येक कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, त्याची स्वतःची आरोग्य पुस्तिका मराठी किंवा हिंदीत मिळेल आणि तीत मागील तपासण्यांचे आकडे शेजारी छापलेले असतील. ती बंद पाकिटात त्याच्याच हाती दिली जाईल. ज्याच्या अहवालात काही आढळेल, त्याच्याशी डॉक्टर समक्ष बोलतील आणि त्यासाठी पाळी सुटल्यानंतरची सायंकाळची वेळ राखून ठेवली जाईल. कारखान्याला योग्यतेचा दाखला आणि नावांशिवाय विभागवार गोषवारा मिळेल. एखाद्या विभागात मोजकीच माणसे असतील, तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून तो आकडा दुसऱ्या विभागात मिळवला जाईल. आमच्या बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' किंवा 'मजुरी' एवढेच न लिहिता नेमके काम कोणते, ते किती वर्षे केले आणि त्यापूर्वी काय केले, हे लिहिले जाईल. नोंदणी खिडकीवर त्यासाठी आणखी एखादे मिनिट लागेल. धाप लागलेल्या माणसावर पुन्हा एकदा क्षयरोगाचेच उपचार सुरू होण्याआधी ते मिनिट उपयोगी पडेल.

आपल्याकडून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. तपासणीत दोष आढळला म्हणून कोणाचे काम जाणार नाही, शक्य तेथे त्याला कमी धुळीचे काम दिले जाईल, हे व्यवस्थापनाने लेखी जाहीर करावे. कंत्राटी कामगारांची नावे तपासणीच्या यादीत प्रथम लिहावीत, कारण धूळ बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. आणि कामगार संघटनांनी वेतनकराराच्या मसुद्यात भत्त्यांबरोबर धूळ ओढणाऱ्या पंख्यांचाही एक मुद्दा ठेवावा.

निर्धन रुग्णांच्या खाटा आमच्याकडे सदैव तयार राहतील. तो आमचा धर्म आहे. मात्र त्या खाटांवर पन्नाशीतला फाउंड्री कामगार धापा टाकत येण्याचे हळूहळू थांबावे, अशी माझी इच्छा आहे. त्या खात्यावरील तेवढी शिल्लक मी आनंदाने पुढील वर्षाच्या वहीत ओढीन.